गुडघेदुखीच्या थिसिसमधले स्कोअर सगळे १ च्या काठाला जाऊन बसलेत. टी-टेस्ट लावू की मॅन-व्हिटनी?

रंकाळ्याकाठची_फिजिओ

नमस्कार. कोल्हापुरात फिजिओथेरपीचं पीजी करतेय. थिसिस बाइंडिंगला टाकायला पाच आठवडे राहिलेत आणि मी चौथ्या चॅप्टरच्या तिसऱ्या टेबलवर पंधरा दिवस अडकून बसलेय.

विषय साधा आहे. पन्नाशी उलटलेले, गुडघे झिजलेले पेशंट. एका गटाला बारा आठवडे व्यायाम, समोर बसवून करून घेतलेला. दुसऱ्या गटाला नेहमीचा सल्ला आणि एक छापील पत्रक. शेवटपर्यंत व्यायामाच्या गटात ५७ टिकले, दुसऱ्यात ५५. बहुतेक करवीर, कागल, शिरोळ तालुक्यांतले, निम्म्याहून जास्त शेतीवाले. सुरुवातीला आणि सहा महिन्यांनी ईक्यू-५डी-५एल भरून घेतला.

ज्यांना तो माहीत नाही त्यांच्यासाठी: हिंडणं-फिरणं, स्वतःचं आवरणं, रोजची कामं, दुखणं, आणि चिंता किंवा उदासी असे पाच प्रश्न. प्रत्येकाला पाच पायऱ्या, म्हणजे एकूण ३१२५ प्रकारची उत्तरं. त्या उत्तरांवरून तक्त्यातला एक आकडा मिळतो. काहीच त्रास नाही तर १. मरण म्हणजे ०. आणि हो, ० च्या खालीही जाता येतं. पाचही प्रश्नांना सगळ्यात वाईट उत्तर दिलं तर चंदीगडच्या पीजीआयवाल्यांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय तक्त्यात उणे ०.९२३ येतात. "ह्यापरीस मेलेलं बरं" असं आमच्या ओपीडीत आज्या म्हणतात, त्याला इथं चक्क आकडा आहे.

तर माझा हिस्टोग्राम. घंटेसारखा वगैरे अजिबात नाही. डावीकडून हळूहळू चढत येतो आणि १ वर पन्हाळ्याच्या कड्यासारखा तुटतो. व्यायामाच्या गटात ५७ पैकी २४ जण बरोबर १ वर. दुसऱ्या गटात ५५ पैकी १३. डाव्या बाजूला दोन्हीकडं मिळून सहा-सात जण ०.३ च्या खाली, त्यातल्या एक मावशी उणे मध्ये.

मीन, म्हणजे सरासरी, व्यायामाच्या गटात ०.८३ आणि दुसऱ्यात ०.७६. डेटा नॉर्मल (घंटेच्या आकाराचा) आहे का ते तपासणाऱ्या शापिरो-विल्कमध्ये पी ०.००१ हून कमी, म्हणजे नाही. सरासऱ्यांची तुलना करणारी टी-टेस्ट लावली तर पी ०.१३ (पी म्हणजे खरा फरक नसतानाही एवढा फरक योगायोगानं दिसण्याची शक्यता; ०.०५ च्या खाली गेला की "सिग्निफिकंट" म्हणतात). आकड्यांऐवजी त्यांचा क्रम बघणारी (नॉन-पॅरामेट्रिक) मॅन-व्हिटनी लावली तर ०.०३.

आता सल्ले ऐका. गाइड म्हणतात, "नॉर्मल नाही म्हणजे नॉन-पॅरामेट्रिक, विषय संपला." पैसे घेऊन अॅनालिसिस करून देणारे एक गृहस्थ म्हणाले, लॉग घ्या. घेतला. उणे आकड्याला लॉग नसतो, म्हणून त्या मावशींच्या रकान्यात एसपीएसएसनं (अॅनालिसिसचं सॉफ्टवेअर) नुसता ठिपका टाकला, म्हणजे ज्या बाईला सगळ्यात जास्त त्रास, तीच अभ्यासातून गायब. आणि एक सीनिअर म्हणते टॉबिट नावाचं मॉडेल लाव, परीक्षक इंप्रेस होतात.

खरं सांगायचं तर मला ०.०३ हवाय. म्हणूनच भीती वाटतेय की मी ०.०३ साठी कारण शोधतेय. काय करू?

पुण्यातला_कोल्हापूरकर

ताई, एवढं काय टेन्शन घेतलंय. डेटा स्क्यूड (एका बाजूला कललेला), सँपल मध्यम, मॅन-व्हिटनी लावा, मीन काढून टाका आणि मीडियन (मधला आकडा) आणि आयक्यूआर (मधल्या निम्म्या लोकांचा पल्ला) लिहा. गाइडपण खूश, परीक्षकपण खूश. मी रोज हेच करतो (फार्मा कंपनीत डेटावरच बसलोय). विषय खरंच संपला.

निवृत्त_मास्तर

विषय संपलेला नाही. वरच्या मित्राला राग येणार नाही अशी आशा आहे. बत्तीस वर्षं बी.एस्सी.च्या पोरांना संख्याशास्त्र शिकवलं, आणि "नॉर्मल नाही, म्हणून मॅन-व्हिटनी" हे वाक्य दरवर्षी खोडत आलो. पेपरात लिहिलं तर अर्धा मार्क कापायचो.

आधी एक हिशेब करून बघा. कागद घ्या. समजा अ गटात दहा पेशंट. सहा ठणठणीत, स्कोअर १. चार जणांचं काही खरं नाही, स्कोअर ०.३. ब गटात दहाच्या दहा जण ०.८५ वर. थोडं दुखतं, पण चाललंय.

सरासरी काढा. अ ची ०.७२, ब ची ०.८५. ब सरस.

आता दोन्ही गटांतला एकेक माणूस घेऊन जोड्या लावा, खासबागेत कुस्त्या लावल्यासारख्या. शंभर जोड्या होतात. त्यातल्या साठ जोड्यांत अ वाला जिंकतो, कारण त्याचा १ समोरच्याच्या ०.८५ पेक्षा मोठा. चाळीसमध्ये ब वाला. म्हणजे अ सरस. मीडियन बघा, अ चा १, ब चा ०.८५. पुन्हा अ सरस.

हाच नमुना दर गटात शंभर माणसं घेऊन मांडा. मॅन-व्हिटनी सांगेल की अ चांगला, पी सुमारे ०.००८. टी-टेस्ट सांगेल की ब चांगला, पी ०.००१ हून कमी. दोन्ही परीक्षा "सिग्निफिकंट", आणि दोन्ही एकमेकींच्या विरुद्ध! यात चूक कुणाचीच नाही. दोघींना प्रश्न वेगळे विचारलेत.

मॅन-व्हिटनी कुस्त्या मोजते. एकातला कुणीही उचलला, दुसऱ्यातला कुणीही उचलला, तर पहिला वरचढ असण्याची शक्यता किती, बरोबरी सुटली तर अर्धी धरून. किती फरकानं जिंकला याच्याशी तिला देणंघेणं नाही. चितपट काय आणि एका गुणानं काय, सारखंच. आणि ती मीडियनची तुलना करते हा तर सरळसरळ गैरसमज आहे. दोन्ही वितरणांचा आकार सारखा असून एक फक्त सरकलेलं असेल तरच तसं म्हणता येतं. तुमच्या डेटात एकीकडं १ वर २४ माणसांचा ढीग आणि दुसरीकडं १३ चा. आकार सारखे नाहीत हे तुम्हीच सांगितलंय.

तेव्हा प्रश्न असा की तुम्हाला काय हवंय? उद्या कुणी विचारलं की हा व्यायाम तालुक्यातल्या सगळ्या गुडघेवाल्यांना दिला तर एकूण आरोग्यात किती भर पडेल, खर्च परवडेल का, तर सरासरीच लागते. हा स्कोअर मुळात त्यासाठीच बनवलाय. ०.७ वर काढलेलं एक वर्ष म्हणजे ०.७ क्वाली (पूर्ण आरोग्याच्या वर्षांत मोजलेलं आयुष्य), आणि क्वालींची बेरीज करायची असते. सरासरी गुणिले माणसं म्हणजे बेरीज. मीडियन गुणिले माणसं म्हणजे काहीच नाही. दूध संस्थेत कॅनमध्ये एकूण फॅट किती आलं हे काढायला सरासरी लागते, मधल्या म्हशीचं फॅट विचारून बिल निघत नाही.

आता "पण डेटा नॉर्मल नाही" याबद्दल. टी-टेस्टला तुमच्या पेशंटचे स्कोअर नॉर्मल असण्याची गरज नाही. सरासऱ्यांतल्या फरकाचं वितरण नॉर्मलच्या जवळ असलं की भागतं, आणि दर गटात पन्नास-साठ माणसं असतील, शिवाय स्कोअरला वर १ आणि खाली उणे ०.९२३ अशी दोन्हीकडं भिंत असेल, तर ते बहुधा असतंच. एकच माणूस येऊन सरासरी कुठल्या कुठं ओढून नेईल असं भिंतीच्या आत होत नाही. दवाखान्याच्या बिलांचं तसं होतं. तिथं एक आयसीयूवाला सगळं उलटंपालटं करतो. स्क्यूड म्हणून दोन्ही एकाच पोत्यात भरू नयेत. शापिरो-विल्क तर विसराच. शंभरावर निरीक्षणं आणि त्यात एक तृतीयांश तंतोतंत सारखी असली तर ती "नॉर्मल नाही" म्हणणारच, तिला विचारायचीही गरज नव्हती.

विश्वास बसत नसेल तर बूटस्ट्रॅप करा. १९७९ साली ब्रॅडली एफ्रॉन यांनी मांडलेली पद्धत. भिशी माहितीय ना? डब्यात चिठ्ठ्या टाकायच्या, एक काढायची. भिशीत निघालेली चिठ्ठी बाजूला ठेवतात, इथं ती परत डब्यात टाकायची. एवढाच फरक. व्यायाम गटाच्या ५७ चिठ्ठ्यांतून अशी ५७ वेळा चिठ्ठी काढा, कुणी दोनदा येईल, कुणी येणारच नाही. दुसऱ्या गटाचंही तसंच. दोन्ही सरासऱ्यांतला फरक लिहून ठेवा. हे दोन हजार वेळा करा (कॉम्प्युटर करतो, घाबरू नका). दोन हजार फरक चढत्या क्रमानं लावा, खालचे अडीच टक्के आणि वरचे अडीच टक्के सोडा. उरलं ते ९५ टक्क्यांचं अंतर, खरा फरक बहुधा ज्याच्या आत असतो ते. नॉर्मलचं नाव काढावं लागलं नाही.

शेफील्डच्या वॉल्टर्स आणि कॅम्पबेल यांनी २००४ मध्ये एसएफ-३६ या आरोग्याच्या दुसऱ्या एका प्रश्नावलीच्या डेटावर नेमकं हेच ताडून पाहिलं. एसएफ-३६ चे काही भाग तुमच्यापेक्षा वाह्यात आहेत, भूमिका-मर्यादा मोजणाऱ्या एका भागाच्या पहिल्या आवृत्तीत ०, २५, ५०, ७५, १०० एवढेच पाच आकडे येऊ शकतात. तरीही बूटस्ट्रॅप आणि साधी पद्धत यांची उत्तरं जवळजवळ सारखी आली.

आणि ज्याच्याबद्दल कुणीच बोललं नाही ते सांगतो. तुमच्याकडं सुरुवातीचा स्कोअर आहे. तो वापरलात का? ज्याचा गुडघा सुरुवातीला बरा त्याचा सहा महिन्यांनीही बरा असण्याचा संभव जास्त. हा माहीत असलेला फरक बाजूला काढला की उरलेला गोंगाट कमी होतो. सहा महिन्यांचा स्कोअर एका बाजूला, गट आणि सुरुवातीचा स्कोअर दुसऱ्या बाजूला, असं रिग्रेशन करा. अँकोव्हा म्हणतात त्याला. स्टँडर्ड एरर (अंदाजातली अनिश्चितता) रोबस्ट घ्या, म्हणजे स्कोअरचा पसारा सगळीकडं सारखा नसला तरी चालतं. लोक स्क्यूनेसवर महिना घालवतात आणि सुरुवातीचा स्कोअर फाइलमध्ये पडून राहतो.

जाता जाता. वि. श. हुजूरबाजार १९१९ साली आपल्या कोल्हापुरात जन्मले, केंब्रिजला हॅरॉल्ड जेफ्रीज यांच्या हाताखाली शिकले आणि पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागाचे पहिले प्रमुख झाले. गावाचं नाव संख्याशास्त्रात आहे, आणि आपण ठिपका टाकणाऱ्या लॉगवर पैसे घालवतोय.

पुण्यातला_कोल्हापूरकर

राग कशाला येईल सर. तो अ-ब वाला हिशेब आत्ता आर सॉफ्टवेअरमध्ये करून बघितला. खरंच उलटी उत्तरं येतात राव. सहा वर्षं मी काय करत होतो.

रंकाळ्याकाठची_फिजिओ

सर, खूप आभार. काल रात्री दीडपर्यंत बसले. अँकोव्हाचा फरक ०.०६०, ९५ टक्के अंतर उणे ०.०१२ ते ०.१३१. मग चिठ्ठ्यांची भिशी पाच हजार वेळा काढली (दोन हजारानं समाधान झालं नाही). उणे ०.००९ ते ०.१३३. म्हणजे अगदी सख्ख्या बहिणी. अंतर आधीच्या टी-टेस्टपेक्षा बरंच आक्रसलं, पण शून्य अजून आतच आहे, म्हणजे फरक नाही ही शक्यता उरतेच.

आणि कुस्त्यांच्या भाषेत माझ्या मॅन-व्हिटनीचा आकडा ०.६२ निघाला. शंभर जोड्यांत व्यायामवाले बासष्टदा वरचढ. हा आकडा मला जास्त आवडला, पण आवडला म्हणून घ्यायचा नाही हेही कळलं.

दोन शंका. सीनिअर अजून टॉबिटच्या मागं आहे. आणि १ वरचा तो ढीग, त्याच्याबद्दल काहीच बोलायचं नाही का? सरासरीत तो विरघळून जातो.

पुण्यातला_कोल्हापूरकर

टॉबिटचं मी सांगतो, पापक्षालन म्हणून.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी मोजतात. इशारा ३९ फूट, धोका ४३ फूट. समजा मोजपट्टी ४३ लाच संपली असती. मग २०१९ च्या पुरात वहीत रोज ४३, ४३, ४३ लिहिलं गेलं असतं आणि पाणी मात्र कितीतरी वर. वहीतला ४३ म्हणजे "४३ किंवा त्याहून जास्त". याला सेन्सॉर्ड म्हणतात, आणि जेम्स टोबिन यांनी १९५८ मध्ये मांडलेलं मॉडेल अशा छाटलेल्या आकड्यांसाठी आहे. पट्टीच्या वरचं पाणी किती असेल याचा ते अंदाज करतं, नॉर्मल धरून.

आता तुमचा १. त्याच्यावर पाणी आहे का? तक्त्याच्या व्याख्येनुसार नाही. १ म्हणजे पूर्ण आरोग्य, १.१ असं काही नसतं, आणि क्वाली मोजताना १.१ धरून चालणारही नाही. टॉबिट लावलं की ते अस्तित्वात नसलेल्या १.१, १.२ ची सरासरी काढून देतं. एलिनॉर पुलेनायेगम वगैरेंनी २०१० मध्ये यावरच लिहिलंय: वरच्या टोकाला लोक पोचलेले असताना सरासरी हवी असेल तर टॉबिट चुकवतं, साधं रिग्रेशन आणि बूटस्ट्रॅप किंवा रोबस्ट एरर बरं. शिवाय टॉबिट नॉर्मलवर जास्तच अवलंबून. म्हणजे स्क्यूनेसला भिऊन पळायचं आणि जाऊन बसायचं कुठं, तर नॉर्मलच्याच मांडीवर.

ढिगाचं मात्र तुमचं बरोबर आहे. तो लपवू नका. दोन भागांत बघता येतं: आधी १ वर पोचण्याची शक्यता, लॉजिस्टिक रिग्रेशननं (हो-नाही अशा उत्तरांसाठीचं), मग जे पोचले नाहीत त्यांचा स्कोअर किती. बीटा रिग्रेशनही आहे, पण त्याला ० आणि १ च्या मधलेच आकडे चालतात, काठावरचे नाहीत, आणि तुमच्या उणेवाल्या मावशी तर दारातच अडणार. मी असतो तर प्रपोर्शनल ऑड्स वापरलं असतं, स्कोअरला नुसत्या पायऱ्या समजून. गट सोडून दुसरं काहीच घातलं नाही तर ते जवळजवळ मॅन-व्हिटनीच, पण यात सुरुवातीचा स्कोअर घालता येतो. कुस्त्याही राहतात आणि वजनगटही पाळले जातात.

मुख्य टेबलात अँकोव्हा, दुय्यम म्हणून हे. दोन्ही छापा. ०.०३ वालं एकटं छापू नका.

निवृत्त_मास्तर

मोजपट्टीचा दाखला उत्तम. एक पुस्ती. "पाणी आहे का" याचं उत्तर व्याख्येत नाही असं असलं तरी गुडघ्यात असू शकतं. पाच प्रश्नांत मांडी घालून बसण्याचा प्रश्न कुठं आहे? उकिडवं बसण्याचा? पंगतीत खाली बसता येत नाही म्हणून लग्नात खुर्ची मागणारा माणूस या पाचही प्रश्नांना "काही त्रास नाही" म्हणू शकतो, कारण त्यानं बसणंच सोडलेलं असतं. ती प्रश्नावलीची मर्यादा आहे, मॉडेलनं भरून निघत नाही. गुडघ्यासाठीचीच वेगळी प्रश्नावली घेतली होती का? वोमॅक वगैरे?

शिरोळची_आक्का

मला तुमचं टॉबिट-बिबिट कळत नाही. एकवीस वर्षं घरोघरी सर्व्हे केलेत, लसीकरणापासून पुराच्या पंचनाम्यापर्यंत, म्हणून एकच विचारते. फॉर्म भरून कोण घेत होतं?

आमच्या भागात माणूस कोण विचारतंय ते बघून उत्तर देतो. मी विचारलं तर घरात संडास आहे म्हणतील, माझ्याबरोबरच्या पोरानं विचारलं तर शेतात जातो म्हणतील. खोटं बोलतात असं नाही. समोरच्याचा मान ठेवतात. डॉक्टरणीनं तीन महिने गुडघा हातात धरून व्यायाम करून घेतला आणि तिनंच विचारलं, आता दुखतंय का? तर काय सांगणार बिचारी?

रंकाळ्याकाठची_फिजिओ

आक्का, तुमचं वाचलं आणि पाच मिनिटं स्क्रीनकडं बघत बसले.

व्यायामाच्या गटाचे फॉर्म मी भरून घेतले. समोर बसून. बऱ्याच जणांना चष्म्याशिवाय वाचता येत नव्हतं, म्हणून मी प्रश्न वाचायची, ते सांगायचे, मी खूण करायची. दुसऱ्या गटाचे फॉर्म इंटर्ननं फोनवर भरले, कारण ते सगळे सहा महिन्यांनी परत येतील याची खात्री नव्हती. फोनवर घ्यायची प्रत वेगळी असते, समोर बसून विचारायची वेगळी, स्वतः भरायची वेगळी, हे मला माहीत होतं. दोन गटांत दोन प्रती वापरल्या तर काय होईल याचा विचार मात्र केला नाही. कुणी सांगितलं नाही असं म्हणणार नाही. मी विचारलंच नाही.

सर, वोमॅक नाही घेतला. चोवीस प्रश्न होते, वेळ जाईल म्हणून सिनॉप्सिसमधूनच (थिसिसच्या आराखड्यातूनच) काढला. पण एक गोष्ट आहे. तीस सेकंदांत हात न टेकता खुर्चीवरून किती वेळा उठता येतं, ती टेस्ट दोन्ही गटांची आहे. ती माझ्या मैत्रिणीनं घेतली, आणि तिला कोण कुठल्या गटात ते माहीत नव्हतं. दुसऱ्या गटातले त्यासाठी आले नाहीत का? आले, पण ५५ पैकी ४१ च. बाकीच्यांचा ऊसतोडीचा हंगाम सुरू होता.

आज दुपारी दोन्ही रकाने शेजारी शेजारी ठेवून बघितले. व्यायाम गटातले १ वाले २४ जण. त्यातल्या ९ जणांना हात टेकल्याशिवाय एकदाही उठता आलेलं नाही.

नऊ. आणि फॉर्ममध्ये माझ्याच हस्ताक्षरात: हिंडायला काही त्रास नाही, दुखत नाही.

पुण्यातला_कोल्हापूरकर

आई शप्पथ.

निवृत्त_मास्तर

घाबरू नका, पण झाकूही नका. पद्धतीच्या प्रकरणात कुणी, कुठं, कशी प्रश्नावली भरली ते स्पष्ट लिहा. मर्यादांत पहिल्या ओळीत लिहा, शेवटच्या नव्हे. आता दोन गटांतला ०.०६० हा व्यायामाचा फरक की विचारणाऱ्याचा, हे डेटावरून वेगळं काढता येणार नाही. गट आणि पद्धत दोन्ही एकमेकांत पूर्ण मिसळलेत, रिग्रेशनमध्ये दोन्ही घातलेत तर कॉम्प्युटर एक काढून टाकेल.

खुर्चीची टेस्ट वर आणा. तिचं वितरणही बघा, ० वर ढीग असेल, या वेळी तो डावीकडं असेल. न आलेले १४ जण कोण होते, त्यांचे सुरुवातीचे स्कोअर आलेल्यांसारखेच होते की वाईट, त्याचं छोटं टेबल द्या. ऊसतोडीला गेलेला माणूस बरा असण्याची शक्यता जास्त, तेव्हा न आलेले म्हणजे आजारी असं गृहीत धरू नका, उलटंही असू शकतं.

आणि एक चित्र काढा. आडव्या अक्षावर खुर्चीवरून उठण्याची संख्या, उभ्यावर ईक्यू-५डी. प्रत्येक पेशंट एक ठिपका. ठिपके एकावर एक पडतील, तेव्हा जरा इकडं-तिकडं हलवून दाखवा. ते नऊ ठिपके वरच्या डाव्या कोपऱ्यात दिसायला हवेत.

शिरोळची_आक्का

बाई, मनाला लावून घेऊ नका. त्या नऊ जणांना एक फोन करा. स्कोअरसाठी नाही, असंच.

रंकाळ्याकाठची_फिजिओ

केला. नऊपैकी सहा जणांनी उचलला. कागलच्या एक आज्जी, ज्यांना मी फॉर्मवर १ दिलाय, त्या म्हणाल्या, "दुखतंय की. पर तुम्ही एवढ्या मायेनं शिकवलंसा, तुमच्या तोंडावर कसं म्हनू?" मग म्हणाल्या व्यायाम रोज करते, भाकरी झाल्यावर, चुलीपुढं. जिना चढता येतो आता, पूर्वी येत नव्हता. म्हणजे फायदा काहीतरी झालाय, पण १ नव्हे.

ही फोनवरची उत्तरं डेटात घालणार नाही, सहा महिने कधीच होऊन गेलेत. आकडे भरले तसेच राहतील.

सकाळी गाइडना चित्र दाखवलं. बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, मॅन-व्हिटनीचं टेबल काढून टाक, हे चित्र मोठं छाप, आणि फॉर्म कुणी भरला तो रकाना मास्टर चार्टमध्ये घाल. एवढंच. चहा पाजला.

सर, एक शेवटचं. उणे असलेल्या मावशींचा ठिपका खाली पार ० च्या रेषेच्या पलीकडं एकटाच पडतो आणि त्यामुळं वरचे सगळे दाटीवाटीनं बसतात. अक्ष तसाच ठेवू ना?

निवृत्त_मास्तर

तसाच ठेवा. गरज पडली तर पान आडवं घ्या.